तीन स्टार हवेत, तर एकाचा पगार तरी कमी हवा

ऑक्टोबर आला की आमच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद सुरू होतो. कोणीतरी टाकतं, "अरे मालक अब्जाधीश आहेत, मग घ्या ना तिघं-चौघं स्टार, अडचण काय आहे?" की झालं, ठाण्याहून घणसोलीपर्यंत ट्रेनमध्ये फोन नुसता थरथरत राहतो. एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगचा, २०२५-२६ चा सीझन सुरू झाला तेव्हाही तोच मेसेज परत आला, तर म्हटलं एकदाच बसून सगळं लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक फेकायची आणि गप्प मॅच बघायची.

तर माझं म्हणणं असं. तीन स्टार एकत्र आणता येतात, परवडतातही, पण त्या तिघांपैकी निदान एक जण तरी असा पाहिजे ज्याला स्टारचा पगार अजून चालू झालेला नाही. खेळतोय स्टारसारखा आणि घेतोय चौथ्या-पाचव्या प्लेअरचे पैसे. तिघांनाही फुल पगार चालू झाला की मालक कितीही श्रीमंत असू दे, टीमची वाट लागते, आणि ती पैशामुळे लागत नाही, हेच लोकांच्या पटकन लक्षात येत नाही.

आपल्याकडे कॅप, म्हणजे टीमच्या एकूण पगारावरची मर्यादा, म्हटलं की आयपीएलचा हिशोब डोक्यात येतो. २०२५ च्या मेगा ऑक्शनला प्रत्येक टीमची पर्स १२० कोटी, त्याच्या वर एक रुपया नाही. मुंबई इंडियन्सनी त्यातले ७५ कोटी पाच जणांना ठेवण्यातच घालवले, बुमरा १८, सूर्या आणि हार्दिक प्रत्येकी १६.३५, रोहित १६.३० आणि तिलक ८. रोहितचे पाच लाख कमी का हे मला अजून कळलेलं नाही, पण ते असो. मुद्दा असा की तिकडे रेषा पक्की आहे, पैसे संपले की हात खाली.

एनबीएत तसं नाही. तिथली कॅप सॉफ्ट आहे. २०२४-२५ ला ती १४०.६ मिलियन डॉलर होती (एक मिलियन म्हणजे आपले साधारण नऊ कोटी, पुढे मी मिलियनच लिहिणारे, दर वेळी गुणाकार करत बसलो तर छातीत कळ येते). पण तुमचा स्वतःचा प्लेअर परत साइन करायचा असेल तर तुम्ही कॅप ओलांडू शकता, याला बर्ड राइट्स म्हणतात, लॅरी बर्ड या जुन्या स्टारच्या नावावरून. मग पुढे लक्झरी टॅक्सची रेषा, त्या वर्षी १७०.८ मिलियन, तिच्या वर गेलात की लीगला दंड भरा, आणि वर्षानुवर्षं वरच राहिलात तर दंडाचा रेट वाढतो. म्हणजे "मालकाकडे पैसे आहेत ना" हा ग्रुपवरचा मुद्दा अगदीच फालतू नाहीये, बरीच वर्षं श्रीमंत मालक खरंच दंड भरून मोकळे व्हायचे.

दुसरी गंमत म्हणजे मॅक्स सॅलरी. आयपीएलमध्ये पंतला २७ कोटी मिळाले, उद्या कोणी चाळीस लावले तरी कोणी अडवणार नाही. एनबीएत एका प्लेअरला किती द्यायचं याला वरून झाकण आहे, सहा वर्षांपर्यंत खेळलेल्याला कॅपच्या २५ टक्के, सात ते नऊ वर्षंवाल्याला ३०, दहा आणि पुढे ३५, आणि एमव्हीपी (सीझनच्या सगळ्यात भारी प्लेअरचा किताब) वगैरे मिळवला असेल तर वरचा टप्पा लवकर मिळतो. आता बघा, हे झाकण नसतं तर लेब्रॉन जेम्स त्याच्या चांगल्या दिवसांत एकटाच कॅपचे साठ टक्के घेऊन गेला असता आणि बाजूला दुसरा स्टार परवडलाच नसता. झाकण आहे म्हणून सगळ्यात भारी प्लेअर त्याच्या लायकीपेक्षा स्वस्तात मिळतो, आणि म्हणूनच "एकत्र येऊया का" ही बोलणी सुरू होतात. तीन स्टार ही कल्पनाच त्या मॅक्सच्या पोटातून जन्माला आलीय असं मला वाटतं. फक्त ३५ गुणिले तीन किती होतात ते करून बघा. एकशे पाच.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही, फिनिक्सच्या टीमनी खरंच करून दाखवलं. २०२३ च्या फेब्रुवारीत केव्हिन ड्युरंट आणला, डेव्हिन बुकर घरचाच होता, मग जूनमध्ये ब्रॅडली बील. २०२४-२५ मध्ये पगार ड्युरंट ५१.२ मिलियन, बील ५०.२, बुकर ४९.२. तिघांचे मिळून दीडशेच्या वर, म्हणजे अख्ख्या टीमच्या कॅपपेक्षा दहा मिलियन जास्त, आणि अजून बारा जण घ्यायचे बाकी! वर लक्झरी टॅक्स पुन्हा दीडशे मिलियनच्या घरात. एवढं करून ३६ जिंकल्या, ४६ हरल्या, प्लेऑफसुद्धा नाही. आदल्या वर्षी प्लेऑफला गेले होते तेव्हा मिनेसोटानी पहिल्याच राउंडमध्ये ४-० धुतलं होतं.

बरं, मालकानी पैसे दिले ना? दिले. मग अडलं कुठे? तर २०२३ पासून लीग आणि प्लेअर युनियनचा जो नवीन करार लागू झाला त्यात सेकंड एप्रन नावाची आणखी एक रेषा आली, २०२४-२५ ला ती १८८.९ मिलियनवर होती. हिच्या वर गेलात की दंड तर आहेच पण हातातली हत्यारंच काढून घेतात. दोन मधल्या प्लेअरांचे पगार एकत्र बांधून एक मोठा प्लेअर ट्रेडमध्ये, म्हणजे टीम-टीममधल्या अदलाबदलीत, आणायचा ही सगळ्यात जुनी युक्ती, ती बंद. ट्रेडमध्ये रोख पैसे द्यायचे, बंद. बाहेरचा बरा प्लेअर घ्यायला जी मिड-लेव्हल नावाची सवलत असते ती पण बंद, फक्त मिनिमम पगारावर जो येईल तो घ्या. आणि सात वर्षांनंतरचा तुमचा फर्स्ट राउंड पिक (नवीन पोरं निवडायच्या ड्राफ्टमधली पहिल्या फेरीतली निवड) गोठवून ठेवतात, तो ट्रेड करता येत नाही, आणि तुम्ही वरच राहिलात तर तो पिक राउंडच्या शेवटाला ढकलतात. म्हणजे शिक्षा चेकबुकला नाही, टीम बांधणाऱ्या जनरल मॅनेजरच्या हाताला आहे. अब्जाधीश मालक याला काय करणार, तिथे त्याचे पैसे चालतच नाहीत.

फिनिक्सचं आणखी एक दुखणं म्हणजे बीलकडे नो-ट्रेड क्लॉज होता, त्याच्या मर्जीशिवाय त्याला कुठे पाठवता येत नव्हतं. शेवटी २०२५ च्या उन्हाळ्यात त्याचं कॉन्ट्रॅक्ट पैसे देऊन सोडवलं आणि तेव्हापासून पाच वर्षं दरवर्षी १९ मिलियनच्या वर रक्कम त्यांच्या खात्यावर लागणार, प्लेअर मात्र क्लिपर्सकडे गेला. ड्युरंट ह्यूस्टनला गेला. तिघांतला बुकर तेवढा उरला. ईएमआय चालू आणि गाडी शेजाऱ्याकडे, असला प्रकार.

हेच छोट्या प्रमाणात बघायचं असेल तर आमच्या सोसायटीत या. कोलशेतला आमच्याकडे कोर्ट आहे, म्हणजे अर्धं कोर्ट, उरलेल्या अर्ध्यावर व्हिजिटर पार्किंगचे पट्टे मारलेत आणि रात्री दहानंतर बॉल आपटला की सेक्रेटरी काका गॅलरीतून टॉर्च मारतात. तरी दिवाळीनंतर आमची लीग होते, ऑक्शनसकट, क्लब हाऊसमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या आणि समोर लॅपटॉपवर एक्सेल. प्रत्येक कॅप्टनला हजार पॉइंट. एका कॅप्टननी एकदा कॉलेज टीमला खेळणारी दोन पोरं उचलली, साडेचारशे आणि चारशेला, टाळ्या पडल्या, त्यानी कॉलर टाइट केली. मग राहिलेल्या दीडशेत त्याला बेस प्राइसवाले मिळाले, त्यात बी विंगचे एक काका, गुडघ्याला नी-कॅप आणि पायात वॉकिंगचे शूज. पहिला हाफ ती दोन पोरं भन्नाट खेळली. दुसऱ्या हाफमध्ये एकाच्या पोटरीत गोळा आला, दुसऱ्यावर समोरच्यांनी दोघं-दोघं लावले आणि त्यानी मोकळे उभे असलेल्या काकांकडे पास दिला की काका तो प्रामाणिकपणे परत त्यालाच द्यायचे. समोरच्या टीममध्ये एक पण स्टार नव्हता, पण पाचही जणांना बास्केटखालून लेअप जमत होता. पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही, काका आमचा ब्लॉग वाचतात.

आता उलटं उदाहरण, ओक्लाहोमा सिटी. २०२५ चे चॅम्पियन. शे गिलजस-अलेक्झांडर, जेलन विल्यम्स, चेट होल्मग्रेन, तिघं मिळून २०२४-२५ मध्ये साधारण साडेएक्कावन मिलियन. फिनिक्सच्या एकट्या ड्युरंटचा पगार त्याच वर्षी ५१.२ होता. परत वाचा हवं तर! एमव्हीपी अधिक एक ऑल-स्टार अधिक बास्केटसमोर भिंतीसारखा उभा राहणारा सेंटर, या सगळ्यांचे मिळून एका ड्युरंटएवढे पैसे. कारण विल्यम्स आणि चेट ड्राफ्टमधून आलेले, पहिली चार वर्षं रुकी स्केल, म्हणजे नव्या पोरांचा ठरलेला कमी पगार, विल्यम्स तर पाच मिलियनच्याही आत. वाचलेल्या पैशांतून त्यांनी आयझेया हार्टेनस्टाइन घेतला, ॲलेक्स कारुसो ठेवला, लू डोर्ट होताच, म्हणजे बेंचवरून काका उतरवायची वेळच आली नाही.

यात नशीब किती आणि अक्कल किती असं विचाराल तर २०१९ मध्ये पॉल जॉर्ज क्लिपर्सना दिला तेव्हा बदल्यात शे आणि पाच फर्स्ट राउंड पिक घेतले, त्यातल्याच एका पिकवर २०२२ मध्ये विल्यम्स आला. शे तेव्हा जेमतेम एक सीझन खेळलेला पोरगा. तो एमव्हीपी होईल हे क्लिपर्सना माहीत असतं तर त्यांनी दिला असता का? पण पिकांचा ढीग लावून थांबायला पण हिंमत लागते, मधली दोन-तीन वर्षं टीम नुसती हरत होती.

आणि याच टीमनी पूर्वी याच गणितात मार खाल्लाय. २०१२ ला त्यांच्याकडे ड्युरंट, वेस्टब्रुक आणि हार्डन तिघंही होते, फायनल खेळले, मायामीकडून हरले, आणि पुढचा सीझन सुरू व्हायच्या तोंडावर हार्डनला ह्यूस्टनला पाठवून दिलं, कारण कॉन्ट्रॅक्ट वाढवायची, म्हणजे एक्स्टेन्शनची, रक्कम जुळेना, फरक चार वर्षांत मिळून काही मिलियनचाच होता. पुढे २०१४, २०१७, २०१८, तिघंही एकेक करून एमव्हीपी झाले. तीन एमव्हीपी एका टीमनी ड्राफ्ट केले आणि ट्रॉफी शून्य. मला तर अजून राग येतो आणि मी ओक्लाहोमाचा फॅन पण नाहीये.

बाकीच्या मोठ्या टीम पण हेच सांगतात. गोल्डन स्टेटनी २०१६ ला ड्युरंट घेतला तेव्हा सगळे म्हणाले चीटिंग आहे, पण ते जमलं कारण टीव्हीच्या नवीन पैशांमुळे कॅप एका उन्हाळ्यात ७० वरून ९४ मिलियनवर उडाली आणि स्टेफ करी चार वर्षांत ४४ मिलियन असल्या जुन्या कॉन्ट्रॅक्टवर होता, जे त्यानी घोट्याच्या दुखापतींच्या काळात सही केलं होतं. लीगचा एमव्हीपी स्वतःच्या टीममध्ये पगारात चौथा. अशी उडी आता मिळणार नाही, कॅप वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची नाही असं नव्या करारात लिहूनच टाकलंय. मायामीत लेब्रॉन, वेड, बॉश तिघांनी थोडं थोडं कमी घेतलं, फ्लोरिडात स्टेटचा इन्कम टॅक्स नाही त्यामुळे ते तेवढं टोचलं नसेल. अलीकडे न्यू यॉर्कच्या ब्रन्सननी २०२४ ला १५६.५ मिलियनवर सही केली, वर्षभर थांबला असता तर २६९ मिळू शकले असते. असा माणूस मिळाला तर देवघरात फोटो लावावा, पण त्याच्या भरवशावर टीम प्लॅन करता येत नाही. ब्रुकलिनबद्दल बोलायला नको, ड्युरंट, हार्डन, कायरी एकत्र मोजून १६ मॅच खेळले.

बॉस्टनचं मात्र वाईट वाटतं, कारण त्यांनी काहीच मूर्खपणा केला नव्हता. २०२४ ला जिंकले तेव्हा त्यांचे दोन स्टार टेटम आणि ब्राऊन दोघंही ३२ मिलियनच्या आसपास होते. ब्राऊनचं ३०४ मिलियनवालं कॉन्ट्रॅक्ट त्यानंतरच्या सीझनपासून सुरू झालं, टेटमचं ३१४ वालं २०२५-२६ पासून. पोरं तीच, खेळ तोच, फक्त बिल आलं. २०२५-२६ ला पगार आणि टॅक्स मिळून पाचशे मिलियनच्या पुढे जाणार होतं, वर टेटमची अकिलीस (टाचेमागची शीर) तुटली, मग ड्रू हॉलिडे पोर्टलँडला, पोर्झिंगिस अटलांटाला. चॅम्पियन टीम एका वर्षात सुटी झाली.

म्हणून ग्रुपवर जे आत्तापासूनच ओक्लाहोमाला पाच ट्रॉफ्या देऊन बसलेत त्यांना एवढंच, की शेचं २८५ मिलियन, विल्यम्सचं २८७ पर्यंत आणि चेटचं अडीचशेपर्यंत, तिन्ही २०२५ च्या जुलैत सही झालीत. चेट आणि विल्यम्सचा मीटर २०२६-२७ पासून चालू, शेचा त्याच्या पुढच्या वर्षी. पण मॅनेजमेंट चलाख आहे, हार्टेनस्टाइन आणि डोर्ट दोघांच्याही कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष नेमकं २०२६-२७ आहे आणि ते ठेवायचं की नाही हे टीमच्या हातात आहे. माझा अंदाज, दोघांपैकी एक जाणार. मी असतो तर डोर्ट ठेवला असता, कारण असा डिफेन्स कोणी स्वस्तात देत नाही, पण ब्लॉगमधला माझा पार्टनर म्हणतो हार्टेनस्टाइनशिवाय रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) कोण घेणार, आणि त्याच्याकडे पण पॉइंट आहे. कमेंटमध्ये भांडा.