उजवा की डावा

एप्रिलमधली दुपार. बाहेर सोलापूर भाजत होतं आणि आयसीयूतल्या बाईंचे हात मात्र गारठलेले. विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, विडी घरकुलातल्या, पन्नाशीच्या, लघवीच्या इन्फेक्शननं शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे बीपी कोसळलेलं. बीपी वाढवणारं नॉरॲड्रेनलिन चालू होतं, पण पट्ट्याचं बीपी एकदा ८० दाखवी, एकदा नुसतंच फुगून गप्प बसे. आर्टरी लाइनशिवाय, म्हणजे मनगटाच्या धमनीत नळी घालून थेट बीपी मोजल्याशिवाय, डोस वाढवायचा कशाच्या भरवशावर?

मुलीला विचारलं, "आई कुठल्या हातानं काम करते?"

"अम्मा डावरी आहे. विडीचं पान कापायची कात्री डाव्यातच."

मग उजवा घ्यायचा, नेहमीप्रमाणे कामाचा हात सोडून. बाई ग्लानीत, मूठ कोण वळणार? मीच हात वर धरून पिळला, मनगटातल्या दोन्ही धमन्या दाबल्या आणि करंगळीकडची सोडली. दहा मोजून झाले तरी तळवा पांढराच. डावा पाचाच्या आत गुलाबी झाला. या ॲलन टेस्टवर माझा फार विश्वास नाही, शॉकमध्ये तर नाहीच, म्हणून सोनोग्राफीचा प्रोब ठेवून पाहिलं. उजवी अल्नर, म्हणजे करंगळीकडची धमनी, खरंच बारीक होती. नळी जाते ती अंगठ्याकडची रेडियल बंद पडली तर हाताला रक्त पुरवणार कोण? डावाच घेतला.

मनगटाखाली गुंडाळी, बधिर करायला लिग्नोकेन, २० नंबरची कॅन्युला, म्हणजे बारीक नळी. अंगठ्याच्या टोकाला दोऱ्यानं पडलेला घट्टा होता. तो बघत राहिलो की हात थरथरला कोण जाणे, रक्त आलं पण कॅन्युला सरकेना. काढली, पाच मिनिटं दाबून धरलं. जरा वर दुसऱ्यांदा टोचलं, अलगद गेली. दाब मोजणारा ट्रान्सड्यूसर छातीच्या बाजूला हृदयाच्या पातळीवर, झीरो केलं, प्रेशर बॅग ३०० वर. मीन, म्हणजे सरासरी दाब, ५४. पट्टा मघाशी हाच ७० सांगत होता!

या दुसऱ्या टोचणीच्या गडबडीत थ्री-वेला, म्हणजे लाइनवरच्या तोटीला, ही धमनी आहे हे सांगणारी लाल पट्टी लावायची माझ्याकडून राहिली. रात्री नव्या सिस्टर ॲसिडिटीच्या पॅन्टोप्रेझॉलची सिरिंज घेऊन नेमक्या तिथेच आल्या. मी शेजारच्या बेडवरून "अहो, थांबा!" असा ओरडलो की चार पेशंट जागे झाले. धमनीत औषध गेलं की बोटं काळी पडू शकतात. सिस्टरची चूक नव्हतीच. पट्टी लावली, पांघरूण बाजूला केलं, हात सगळ्यांना दिसेल असा उघडा ठेवला.

तिसऱ्या दिवशी लाइन काढून मी मनगट दाबून बसलो होतो. बाई पूर्ण शुद्धीत. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "डाव्यालाच कशाला टोचलं डॉक्टर? पानं तुम्ही कापणार काय?"