डिस्क पुसायची? पूस बिनधास्त!

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि बाबांच्या लॅपटॉपवर येताजाता त्याचे मेसेज यायला लागले. लॅपटॉप इंटेलच्या सातव्या जनरेशनचा, म्हणजे विंडोज ११ च्या अधिकृत यादीत तो बसत नाही. बाकी मशीन ठणठणीत आहे हो. बाबा रिटायर झाल्यापासून सोसायटीचे सेक्रेटरी आहेत, नोटिसा, मेंटेनन्सचं शीट आणि बँकेत पेन्शन आली का बघणं, ह्यापलीकडे त्यांना काही लागत नाही, तेवढ्यासाठी नवीन लॅपटॉप घ्यायचा म्हणजे जिवावर येतं. मी म्हटलं विंडोजच्या जागी लिनक्स टाकूया, ती पण विंडोजसारखीच ऑपरेटिंग सिस्टिम, पण फुकट. तर दादा डोंबिवलीवरून फोनवरच ओरडला, "हात लावू नकोस त्याला!"

त्याचंही बरोबर आहे. २०१२ साली ह्याच माणसाने घरच्या डेस्कटॉपवर विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) बसवायला घेतलं होतं आणि इन्स्टॉल करताना "शेजारी बसव" ऐवजी "सगळी डिस्क पुसून टाक" वर क्लिक केलं. आजीच्या पंचाहत्तरीचे सगळे फोटो गेले. आई अजूनही कधीतरी काढतेच तो विषय, खास करून तो जेवायला आला की.

तेव्हा मी ठरवलं की आधी व्हर्च्युअल मशीनमध्ये बघायचं. म्हणजे विंडोजच्या आत एक खिडकी, त्या खिडकीत एक अख्खा खोटा कॉम्प्युटर, आणि त्यावर लिनक्स. मुंबईच्या भाषेत सांगायचं तर लीव्ह अँड लायसन्सवर ११ महिने राहून बघा, पाणी येतं का, शेजारी कसे आहेत, मग विकत घ्यायचं काय ते ठरवा. असा खोटा कॉम्प्युटर बनवणारं व्हर्च्युअलबॉक्स नावाचं सॉफ्टवेअर मी घेतलं. फुकट आहे आणि मूळ पॅकेज ओपन सोर्स आहे. २००७ मध्ये इनोटेक नावाच्या जर्मन कंपनीने ते आणलं, मग सन नावाची कंपनी, मग २०१० पासून ओरॅकल, असे मालक बदलत गेले तरी फुकट राहिलंय. (व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर सुद्धा २०२४ पासून फुकट झालंय, ज्यांना ते आवडतं त्यांनी ते घ्या.) फक्त एक, व्हर्च्युअलबॉक्सचा जास्तीच्या सोयींचा एक्स्टेन्शन पॅक वेगळा येतो आणि त्याचं लायसन्स पण वेगळं, घरी वापरायला फुकट, ऑफिसात नाही. ऑफिसच्या मशीनवर उगाच टाकू नका.

पहिली अडचण रॅमची. लॅपटॉपमध्ये ४ जीबी, त्यात विंडोजलाच धाप लागते तर दुसऱ्याला काय देणार? मग शनिवारी भांडुपवरून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि तिथून लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग लिहिलंय पण ते नाव सांगून टॅक्सीवाला तर सोडाच, दुकानदार पण ओळखणार नाही. ८ जीबीची एक स्टिक घेतली. ४ जीबी बोर्डावरच चिकटवलेली आहे, एक स्लॉट रिकामा होता, म्हणजे झाले १२.

दुसरी अडचण, व्हर्च्युअल मशीन चालूच होईना. एरर काय तर व्हीटी-एक्स (इंटेलच्या प्रोसेसरमधली व्हर्च्युअल मशीन चालवायची सोय) बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) बंद आहे. म्हणजे प्रोसेसरला हे काम येतं पण त्याला कोणी परवानगीच दिलेली नाही. रीस्टार्ट करून बायोसमध्ये जाऊन व्हर्च्युअलायझेशन चालू केलं. मग चालू झालं, पण इतकं हळू की मेनू उघडेपर्यंत चहा होईल. खिडकीच्या खाली कोपऱ्यात एक छोटं हिरवं कासव दिसत होतं, मला वाटलं सजावट आहे. ती सजावट नाही! विंडोजचं स्वतःचं व्हर्च्युअल मशीन चालवणारं हायपर-व्ही मध्ये बसलेलं असलं की व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत जावं लागतं आणि ते कासव दाखवतं. विंडोजच्या सिक्युरिटीमधलं मेमरी इंटेग्रिटी हायपर-व्हीवरच चालतं, ते बंद केलं, विंडोज फीचर्समधल्या त्याच्याशी संबंधित दोन टिका काढल्या, रीस्टार्ट, कासव गेलं. मेमरी इंटेग्रिटी म्हणजे सुरक्षेचीच गोष्ट आहे, प्रयोग झाला की परत चालू करायची.

लिनक्स मिंट हा लिनक्सचाच एक प्रकार, त्याची एक्सएफसीई वाली आवृत्ती घेतली, हलकी असते म्हणून. खोट्या कॉम्प्युटरला दिलं ४ जीबी रॅम, २ प्रोसेसर, २५ जीबीची डिस्क. ही डिस्क म्हणजे विंडोजवरची एक फाईल, आणि ती लगेच २५ जीबी जागा खात नाही, जसजसं भराल तशी फुगते. मात्र आतलं डिलीट केलं म्हणून आपोआप बारीक होत नाही, माझ्यासारखीच.

आणि मग ती स्क्रीन आली. डिस्क पुसून लिनक्स मिंट इन्स्टॉल करायचं का? दादाने जिथे माती खाल्ली तीच. मला माहीत होतं की ही आतली खोटी डिस्क आहे, लिनक्सला त्या २५ जीबीच्या पलीकडे काही दिसतच नाही, तरी खरं सांगते बोट माऊसवर अडकलं. मी उठले, बाबांचे सगळे फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी केले, परत येऊन बसले आणि मग क्लिक केलं. काहीही झालं नाही. म्हणजे मिंट बसलं, विंडोज मागे तसंच चालू.

त्यानंतर मी निर्ढावले. स्नॅपशॉट नावाची सोय आहे, आत्ता मशीन जसं आहे तसं धरून ठेवायचं. स्नॅपशॉट घेतला आणि मुद्दाम टर्मिनलमधून (कमांड टाइप करायची खिडकी) पायथन (प्रोग्रॅमिंगची भाषा, मिंटचे बरेच प्रोग्रॅम तिच्यावर चालतात) काढून टाकलं. कुठेतरी वाचलेलं की असं करू नये, म्हणून केलं. त्याने जाताजाता अर्धा डेस्कटॉप सोबत नेला आणि रीस्टार्ट केल्यावर काळ्या स्क्रीनवर नुसता लॉगिन! स्नॅपशॉट रीस्टोर केला, मिनिटभरात सगळं जागेवर. दादाला व्हिडिओ पाठवला तर तो बराच वेळ टायपिंग दाखवत होता आणि शेवटी फक्त अंगठा आला. (स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे हं. मूळ डिस्कची फाईलच गेली तर स्नॅपशॉट पण गेले.)

मग बाबांना बसवलं. फुल स्क्रीन करून दिलं आणि मी कुकर लावायला गेले. दोन मिनिटांत हाक, "अगं, माझं विंडोज कुठे गेलं?" उजवा कंट्रोल आणि एफ दाबलं की बाहेर येता येतं, हे सांगायचं राहिलेलं. आता ते आत-बाहेर करून दाखवतात आईला.

मराठी टायपिंग सोपं निघालं. आयबस आणि त्याचं एम१७एन (लिनक्सवर भारतीय भाषा टाइप करायची सोय) टाकलं की इनस्क्रिप्ट कीबोर्ड येतो, गमभन पण येतं. नवीन नोटिसा लिब्रेऑफिसमध्ये (वर्डसारखं फुकट सॉफ्टवेअर) व्यवस्थित उघडल्या. अडलं ते जुन्या नोटिसांवर, २००५ च्या आसपासच्या, युनिकोड (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखीच अक्षरं दिसायची पद्धत) नसलेल्या फॉन्टमधल्या. तो फॉन्ट लिनक्समध्ये नाही, त्यामुळे टाकी साफ करण्याच्या नोटिशीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. बाबा चष्मा पुसून परत वाचायला लागले. हा काही लिनक्सचा दोष नाही, ते लफडं आपलं सगळ्यांचंच आहे, पण लॅपटॉप पुसल्यावर कळलं असतं तर मला घरात राहू दिलं नसतं. आता जुन्या नोटिसा एकेक करून युनिकोडमध्ये करतोय.

एक मात्र ह्या खिडकीतून कळत नाही. आतल्या लिनक्सला लॅपटॉपचं खरं वायफाय दिसतच नाही, त्याला वाटतं मला वायरने नेट आलंय. बॅटरी किती टिकेल, झाकण लावल्यावर मशीन नीट झोपेल का, हेही नाही. त्यासाठी पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करताच, चालवून बघायला लागेल, तो कार्यक्रम येत्या रविवारी. प्रिंटर पण तेव्हाच. दादा येणार आहे, आईने त्याला आधीच सांगून ठेवलंय की लॅपटॉपपासून लांब बसायचं.