एका फॉरवर्डचे पाठभेद

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या मराठी मजकुरांच्या प्रती जमवून त्या ताडून पाहणं, हे आमचं काम. त्या दिवशी हातात होता एक लांबलचक, डोळ्यांत पाणी आणणारा मजकूर. वडील गेल्यावर मुलाला त्यांची डायरी सापडते, अशा धर्तीचा. सुरुवात 'दुसऱ्या दिवशी बाबांना ॲडमिट केलं' अशी. तळाशी काही प्रतींत एका नामवंत साहित्यिकाचं नाव, काहींत नुसतं 'संग्रहित'. हे नाव मुळापासूनचं की मागाहून चिकटलेलं, एवढंच शोधायचं होतं.

'ॲडमिट' शब्द टाकून शोधलं तर बऱ्याच प्रती आल्याच नाहीत. उघडून पाहावं तर शब्द समोर लख्ख दिसतोय! मग ती ओळ युनिकोडच्या, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला दिलेल्या ठरावीक क्रमांकांच्या, आकड्यांत फोडली, तेव्हा ॲ तीन तऱ्हांनी लिहिलेला निघाला. पहिल्या तऱ्हेत ०९७२ हे एकच अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं. दुसरीत अ, त्यापुढे २००डी हा न दिसणारा जोडक आणि मग वरचा चंद्र. तिसरीत अ आणि चंद्र आहेत, मधला जोडक मात्र गायब. एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एक रूप देणारं युनिकोडचं प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एनएफसी, या तिघांना एक करत नाही. हे ध्यानात न घेता मोजदाद केली तर भरपूर फिरलेला मजकूरही कमी फिरलेला वाटतो.

खरा धागा तिसऱ्या तऱ्हेत सापडला. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं; दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि तोच २००डी. या दुसऱ्या प्रकारातला जोडक गळला की य वर रफार चढतो आणि 'दुसर्या' असं दिसतं. तिसऱ्या तऱ्हेच्या प्रतींत नेमकं तेच झालं होतं. शिवाय शेवटी आई, वडील आणि मुलगी यांचं एक इमोजी होतं. तेही जोडकानेच बांधलेलं असतं. या प्रतींत त्याची तीन सुटी तोंडं झाली होती.

ॲ बिघडला, र बिघडला, इमोजी फुटलं, आणि तिन्हींचं कारण एक. कुठल्यातरी टप्प्यावर एखाद्या सॉफ्टवेअरने न दिसणारी चिन्हं कचरा समजून काढून टाकली होती. एकट्या खुणेवर विसंबू नये. चंद्र जोडकाशिवाय टाइप करणारे पुष्कळ आहेत, आणि 'दुसर्या' एखादा चोखंदळ वाचक हाताने दुरुस्तही करतो. फुटलेलं इमोजी मात्र सहसा कुणी सांधत बसत नाही, म्हणून साक्षीदार म्हणून ते मला सर्वांत भरवशाचं वाटतं. गळलेला जोडक कॉपी-पेस्टने परत येत नाही, त्यामुळे कोणती प्रत कोणत्या प्रतीवरून उतरली, ही दिशाही कळते.

मग प्रती तशा लावल्या. जोडक शाबूत असलेल्या एकाही प्रतीत साहित्यिकाचं नाव नाही, सगळीकडे 'संग्रहित'. जोडक गळलेल्यांपैकी काहींत 'संग्रहित' टिकून आहे आणि उरलेल्यांत त्याच जागी नाव आलं आहे. मधली पायरी हाती लागल्यामुळे निकाल पक्का झाला: आधी चिन्हं गळली, मग नाव बसलं. भांडारकर प्राच्यविद्या संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तीही पोथ्यांचे पाठभेद असेच एकमेकांशी ताडून. फॉरवर्डलाही तेवढाच आदर द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

प्रती गोळा करताना मजकूर फॉरवर्डच करून घ्यावा किंवा चॅट निर्यात करून मजकुराची फाइल घ्यावी. स्क्रीनशॉटवरून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं सॉफ्टवेअरने ओळखून घेणं, केलं की अक्षरं नव्याने बनतात आणि सगळे भेद पुसले जातात. फॉरवर्डचा दुहेरी बाण निर्यातीत उतरत नाही, म्हणून त्याची नोंद वेगळी करावी. तो बाण मूळ पाठवणाऱ्यापासून किमान पाच हातांचा प्रवास सांगतो, पण मजकूर कॉपी करून नव्याने पाठवला की मोजणी शून्यापासून सुरू होते. नंबर आणि नावं लगेच काढून सांकेतिक क्रमांक द्यावेत.

तक्त्यात दोन रकाने ठेवावेत: एकात आलेला मजकूर जसाच्या तसा, कुलूप लावून; दुसऱ्यात शोधासाठी एकसारखा केलेला. हा दुसरा रकाना भरताना तिन्ही तऱ्हांचा ॲ ०९७२ करावा आणि जोडकाचा अर्धा र ऱ करावा. 'दुसर्या' मात्र आंधळेपणाने बदलू नये. 'सूर्या'तला रफार खरा आहे, तोही बदलला जाईल. तिथे शब्द पाहूनच हात लावावा.