नुसतं नाटक बघायला नागपूर

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी बघायला रजा टाकून पुण्याहून नागपूरला निघालेल्या बाईकडे लोक जरा काळजीनं बघतात. ऑफिसात विचारलं, ओळखीचं कुणी आहे का नाटकात? प्रतापनगरात मावसबहिणीकडे माझा मुक्काम होता. तिच्या यजमानांनी स्टेशनवरून घरी नेतानाच खडा टाकून पाहिला, “तुम्ही पण काम करून राहिल्या का ताई त्याच्यात?” आणि सभागृहात शेजारी बसलेल्या काकाजींनी लग्नाच्या पंगतीत विचारावं तसं विचारलं, “कोणाकडून आल्या तुम्ही? लेखकाकडून का?” कुणाकडूनच नाही, नाटक बघायला आले, म्हटल्यावर त्यांनी मला नीट पाहून घेतलं. “पुण्याहून? नुसतं बघायला?” मग मधल्या खुर्चीवरची पिशवी उचलली. “इकडे या. तिथून डावी विंग दिसत नाही बरोबर.”

त्यांचं तरी काय चुकलं? हौशी स्पर्धेला येणाऱ्यांत नटांचे नातेवाईक भरपूर, आणि उरलेल्यांत दुसऱ्या संघांचे लोक, ‘यांचं काय चाललंय’ ते बघायला आलेले. कुणाचाच नसलेला प्रेक्षक विरळा. पण माझं मत विचाराल तर सगळ्यात जास्त मजा त्यालाच येते. त्याला कुणाच्या पाठांतराचं टेन्शन नसतं, बक्षिसाचा हिशेब नसतो. कालच्या वाड्याच्या जागी आज रेल्वे फलाट उभा राहिलेला तो निवांत बघत बसतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही स्पर्धा राज्य सरकारचं सांस्कृतिक कार्य संचालनालय घेतं, आणि तिनं साठी ओलांडली आहे. बालनाट्य, संगीत, हिंदी, संस्कृत असे वेगळे विभाग असतात. मी बोलते आहे ती हौशी मराठी नाटकांबद्दल. प्राथमिक फेरी राज्यातल्या निरनिराळ्या केंद्रांवर साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात होते, केंद्रावर पहिलं आलेलं नाटक अंतिम फेरीत जातं. अभिनयाला रौप्यपदकं, शिवाय दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, रंगभूषा यांना वेगळी बक्षिसं. संध्याकाळी सातला एक पूर्ण लांबीचं नाटक, दुसऱ्या दिवशी दुसरा संघ. मी गेले तेव्हा तिकीट दहा-पंधरा रुपयांचं होतं. त्या पैशात आमच्याकडे नाट्यगृहाबाहेर गाडीसुद्धा लावता येत नाही.

जाण्याआधी एकच गोष्ट कॅलेंडरवर पाहा: विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. ते डिसेंबरात नागपुरात भरतं आणि स्पर्धेच्या तारखा बऱ्याचदा त्याला घासून जातात. अधिवेशनाच्या काळात बर्डीवरच्या, म्हणजे सीताबर्डीतल्या, साध्या लॉजचेही भाव चढतात, सिव्हिल लाइन्समध्ये पोलिसांचे बॅरिकेड लागतात, आणि मोर्चा निघाला की मॉरिस कॉलेज टी पॉइंटपासून पुढची वाहतूक कुठे वळवलेली असेल ते रिक्षावाल्यालाही सांगता येत नाही. नातेवाईक असतील तर लाज न बाळगता त्यांच्याकडे उतरा. नसतील तर लक्ष्मीनगर, बजाजनगर, शंकरनगर या पट्ट्यात खोली बघा. रेल्वे स्टेशनाजवळ राहिलात तर रोजची धावपळ वाढते.

लक्ष्मीनगर म्हणण्याचं कारण सायंटिफिक सभागृह. नागपूर केंद्राची नाटकं मी तिथंच पाहिली. मेट्रोनं येणार असाल तर बर्डीला लाइन बदलून वर्धा रोडवर राहाटे कॉलनी किंवा अजनी चौकात उतरायचं आणि तिथून ऑटो करायचा. परतताना मात्र मेट्रोवर भिस्त ठेवू नका. शेवटची गाडी दहाच्या सुमारास असते, आणि दोन अंकी नाटक, मधला चहा, नंतरच्या गप्पा यांत दहा कधीच वाजून गेलेले असतात. ऑटोचा भाव बसण्याआधी ठरवा. बायकांना एकटीनं येण्यात मला काही अडचण दिसली नाही. नाटक सुटल्यावर बाहेर इतक्या मावश्या आणि काकू उभ्या असतात, की कुणीतरी आपल्या दिशेला जाणारं निघतंच, आणि नागपूरकर विचारायला लाजत नाहीत: “कुठं सोडून देऊ तुम्हाला?”

साडेसहापर्यंत पोचा. स्पर्धेत वेळेला महत्त्व असतं, व्यावसायिक नाटकासारखी तिसरी घंटा लांबत नाही. लवकर आलात तर पडद्यामागची ठोकाठोक ऐकू येते, मग ती थांबते, धूप-उदबत्तीचा वास येतो, नारळ फुटतो. परीक्षक मधल्या रांगेत टेबल लावून बसतात, टेबलावर छोटा दिवा. त्यांच्या लगेच मागे बसू नका, त्या दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो. दोन-तीन रांगा सोडून मागे, मधोमध बसा. अगदी पुढे बसलात तर हौशी नटांचा वाढीव आवाज आणि रंगभूषा दोन्ही अंगावर येतात.

आता नाटकांविषयी. सगळी चांगली नव्हती, हे सांगून टाकते. विदर्भातल्या शेतकऱ्याच्या घरावरचं एक नाटक पहिल्या अंकात फार खरं होतं: माणसं बोलत नव्हती, कामं करत होती, आणि कर्ज हा शब्द एकदाही न उच्चारता घरातलं कर्ज कळत होतं. दुसऱ्या अंकात लेखकाला धीर धरवला नाही. प्रत्येक पात्र एकेक करून पुढे आलं, स्पॉटमध्ये उभं राहिलं आणि आपलं म्हणणं लांबलचक भाषणात सांगून गेलं. हा स्पर्धेच्या नाटकांचा जुना आजार आहे. परीक्षकांना आशय कळला नाही तर काय, ही भीती संहितेत दिसते. दुसरा आजार पार्श्वसंगीताचा. दुःख आलं की बासरी, संकट आलं की ढोल. बासरी नसती तरी आम्ही रडलो असतो.

पण त्याच नाटकात एक क्षण असा आला, की त्याच्यासाठी मी पुन्हा तिकीट काढीन. आईचं काम करणारी बाई ओसरीवरून घरात जात होती. दाराच्या फ्लॅटला, म्हणजे नेपथ्याच्या उभ्या केलेल्या भिंतीला, बाहेर आलेला एक खिळा होता, त्यात तिच्या लुगड्याचा काठ अडकला. एक हिसका दिला, सुटेना. फ्लॅट हलायला लागला. सभागृहात सगळ्यांचा श्वास अडकला, कारण आता भिंत कोसळणार. ती थांबली. वळली. खाली वाकून शांतपणे काठ सोडवला आणि दाराकडे बघत म्हणाली, “तू बी ह्यायच्यासारखाच. जाऊ देत नाही, अन् ठेवूनबी घेत नाही.” आणि आत गेली. टाळी अशी पडली की पुढचं वाक्य असलेला मुलगा थांबूनच राहिला. मला वाटलं, संहितेतलंच असेल. मध्यंतरात कळलं, ॲडिशन होती, तिथल्या तिथे सुचलेली. आमच्याच रांगेत तिची मुलगी बसली होती, ती सांगत होती, “आई घरीपण बाबांना असंच म्हणते.” परीक्षकांनी त्याचं काय केलं कुणास ठाऊक, अभिनयाचे गुण द्यायचे की नेपथ्याचे कापायचे!

एका संध्याकाळी आंबेडकरी विचाराचं नाटक होतं. दीक्षाभूमी या सभागृहापासून जवळ आहे. ज्या मैदानावर १४ ऑक्टोबर १९५६ला धम्मदीक्षा झाली त्याच्या शेजारच्या वस्तीत बसून हे नाटक बघताना प्रेक्षकांचा प्रतिसाद वेगळाच असतो. पुण्यात जिथं नम्र शांतता पसरली असती तिथं इथं मागून आवाज आला, “बरोब्बर!” प्रयोगात जलशाच्या, म्हणजे आंबेडकरी चळवळीतल्या गाण्यांच्या कार्यक्रमाच्या, अंगानं जाणारी गाणी होती, ढोलकी रंगमंचावरच, आणि ती नाटकाच्या आड येत नव्हती. संध्याकाळच्या नाटकाआधी दुपारी दीक्षाभूमीवर जाऊन या, असं मी सगळ्यांना सांगेन.

नाटक संपलं की लगेच पळू नका. सभागृहाच्या मागच्या बाजूला जा. तिथं छोटा हाथी टेम्पो लागलेला असतो आणि मघाशी मेलेला माणूस चेहऱ्यावरचं रक्त न पुसता लेव्हल, म्हणजे नेपथ्याचा लाकडी चौथरा, उचलून गाडीत चढवत असतो. बँकेतले कारकून, शिक्षिका, वीज कंपनीतले लोक, कॉलेजची पोरं. उद्या सकाळी सगळ्यांना कामावर जायचंय. कितीतरी आठवडे रात्री-बेरात्री तालीम, आणि सगळं एका संध्याकाळपुरतं. पुढे गेलं नाही तर त्या नाटकाचा पुन्हा प्रयोग होईलच असं नाही. म्हणून आवडलं असेल तर जाऊन सांगा, नेमकं काय आवडलं तेही सांगा. ‘छान झालं’ त्यांना नातेवाईकांकडून भरपूर मिळतं. मी त्या खिळ्याच्या ॲडिशनबद्दल बोलले तर त्या बाई हसल्या आणि खिळा ठोकणाऱ्या मुलाला हाक मारून म्हणाल्या, “ये रे, तुझा फॅन आला पुण्याहून.”

दिवसाचा वेळ मोकळाच असतो. नाटकवेड्यांनी झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघाच्या संकुलात डोकवावं. जुनं धनवटे रंगमंदिर तिथं होतं. आता ती वास्तू नाही, पण साठीच्या पुढच्या कुणाही नागपूरकराजवळ नुसतं नाव काढा, पुढचा अर्धा तास तुमचा. नाटककार-दिग्दर्शक पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांच्या रंजन कला मंदिर या नाट्यसंस्थेच्या आठवणी तिथूनच सुरू होतात. मोठी नाटकं असतील तर ती सिव्हिल लाइन्समधल्या डॉ. वसंतराव देशपांडे सभागृहात किंवा रेशीमबागेतल्या कविवर्य सुरेश भट सभागृहात. रेशीमबागेतलं सभागृह २०१७मध्ये सुरू झालं, आणि २०१९चं नव्व्याण्णवावं अखिल भारतीय मराठी नाट्य संमेलन, प्रेमानंद गज्वी अध्यक्ष असलेलं, तिथंच झालं. सभागृह भव्य आहे, पण हौशी नाटकाला इतक्या खुर्च्या सोसत नाहीत. सायंटिफिकची आटोपशीर जागाच बरी.

खाण्याचं सांगायलाच हवं. सकाळी तर्री पोहे, वरून हरभऱ्याची झणझणीत तर्री, ‘थोडी’ म्हणून सांगितली तरी भरपूरच पडते. दुपारी घरी आग्रह झाला तर वडाभात किंवा गोळाभात सोडू नका. सावजी, म्हणजे इथलं जहाल तिखट जेवण, मात्र नाटक नसेल त्या दिवशी. ते जेवून कुणीही दोन अंक ताठ बसून दाखवावेत! आंबिया बहराची संत्री याच दिवसांत बाजारात असतात, पिशवीत ठेवा, पण सभागृहात सोलू नका. एका आजोबांनी गंभीर प्रसंगात सोललं आणि चार रांगांनी माना वळवल्या. आणि स्वेटर, कानटोपी घ्या. पुण्याच्या थंडीवर विसंबून येणाऱ्यांची नागपूरची डिसेंबरची रात्र फजिती करते. पारा कधी कधी दहाच्या खाली असतो.

रोजचं नाटक कोणतं ते स्थानिक वर्तमानपत्रांच्या शहर-पानावर येतं आणि सभागृहाबाहेर फळ्यावर लिहिलेलं असतं. निवडून-पारखून एखादंच नाटक बघायला जाऊ नका, सलग काही संध्याकाळी बसा. पाटी कोरी असलेल्या लेखकाचं चांगलं नाटक कधी निघेल सांगता येत नाही. ज्या शहरात ‘वाडा चिरेबंदी’चे नाटककार महेश एलकुंचवार राहतात तिथल्या नवशिक्या लेखकांवर त्यांची सावली दिसतेच. वाडा, ओसरी, न बोलणारी माणसं. कुणी त्या सावलीत बसून राहतो, कुणी तिच्यातून बाहेर येतो, आणि हे ओळीनं बघितल्याशिवाय कळत नाही.

रजा शिल्लक असेल तर नागपूरवरून परत फिरू नका, उमरेड-नागभीड-ब्रह्मपुरीच्या रस्त्यानं वडसा गाठा. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज, वडसा, हे झाडीपट्टी रंगभूमीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावी रात्रभर चालणाऱ्या नाटकांचं, मुख्य ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं तिथं ओळीनं आहेत, आणि दिवाळीनंतर सुरू झालेला हंगाम होळीच्या आसपासपर्यंत चालतो. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली. गावात मंडई (गावजत्रा) किंवा शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलं. कंपनीच्या कार्यालयात जाऊन आज कुठल्या गावाला प्रयोग आहे ते विचारा, ते कौतुकानं सांगतात. प्रयोग रात्री दहानंतर सुरू होतो आणि उजाडेपर्यंत चालतो, मध्ये गाणी, नाच, विनोदी पात्रांची वेगळी जत्रा. स्पर्धेचं नाटक बघून गेलेल्याला पहिला तास सगळं भडक वाटेल, तेवढा काढा. जाड चादर न्या, रात्रीचं जेवण ब्रह्मपुरीत किंवा वडशात उरकून घ्या, आणि गाडी स्वतःची असेल तरच जा, कारण पहाटे नाटक सुटतं तेव्हा आडगावातून एसटी मिळेलच असं नाही.