एकच नाकपुडी का चोंदते?

सर्दी नसतानाही एक नाकपुडी मोकळी आणि दुसरी जरा बंद, असं बहुतेकांचं असतं आणि मग हाड वाकडं आहे की काय म्हणून लोक घाबरतात, पण बऱ्याचदा हे एकदम नॉर्मल असतं. नाकात दोन्ही बाजूंना तीन-तीन टर्बिनेट असतात, म्हणजे आत वळलेली पातळ हाडं आणि त्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेलं मऊ अस्तर. हे अस्तर काही तास एका बाजूला फुगतं, मग तिकडचं ओसरतं आणि दुसरीकडचं फुगतं. कायसर नावाच्या जर्मन डॉक्टरने १८९५ मध्ये हे मांडलं, आणि आपल्याकडे योगात चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणून श्वास कुठल्या बाजूने चाललाय हे बघायची पद्धत त्याच्या कितीतरी आधीची, मला हे फार भारी वाटतं! कुशीवर झोपलं की खालची बाजू चोंदते तीही याच अस्तरामुळे.

हेच अस्तर हवा गरम करतं, ओलसर करतं, धूळ चिकटवून धरतं, आणि सायनसमध्ये, म्हणजे नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांमध्ये, तयार होणारा नायट्रिक ऑक्साइड वायूही नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर फुफ्फुसात जातो, तोंडाने श्वास घेतला तर यातलं बरंचसं हुकतं.

म्हणूनच कळकळीने सांगते, नाक मोकळं करायचे ड्रॉप्स मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने घालू नका. चार-पाच दिवसांच्या पुढे गेलं की औषध उतरल्यावर अस्तर उलट जास्तच सुजतं, मग पुन्हा ड्रॉप्स, पुन्हा सूज. नाक कायम एकाच बाजूने बंद असेल किंवा रक्त येत असेल तर सरळ ईएनटीला दाखवा.