आमची वाटचाल: ग्रिल-गेटकडून न्हाणीघराकडे

आमचं मूळ काम ग्रिल, गेट आणि पत्र्याच्या शेड. वडिलांनी कोल्हापुरात उद्यमनगरात भाड्याच्या गाळ्यात सुरू केलेलं. इथं फॅब्रिकेशनवाल्यांना तोटा नाही, त्यामुळे गिऱ्हाईक तुमच्याच दारात का यावं याला काहीतरी उत्तर लागतं. आमचं उत्तर बरीच वर्षं एकच होतं: उधारी. आज पाटीवर ‘रॅम्प, रेलिंग, न्हाणीघरातले आधार’ असं लिहिलंय, आणि ग्रिल फक्त ओळखीतलं असेल तरच घेतो.

हे ठरवून झालं नाही. आमच्याकडचे टर्नर मामा अपघातात मणक्याला मार बसून कमरेखाली अधू झाले. घरी बसायला तयार नव्हते. ‘हात आहेत की रे, लेथ खाली घे,’ म्हणाले. वडिलांनी लेथचे पाय काढून तो बुटक्या स्टँडवर बसवला, दारात चेकर्ड प्लेटचा उतार केला. पण मामा दिवसभर पाणीच पीत नाहीत, हे आईच्या लक्षात आलं. गाळ्यातल्या संडासात खुर्ची जात नव्हती, म्हणून ते तहान मारत होते. मणक्याच्या दुखापतीत लघवीचं इन्फेक्शन आधीच पाठ सोडत नाही, त्यात हे. मग संडासाची भिंत पाडली.

आमच्या धंद्याची गोम तिथंच आहे. फोन येतो तो रॅम्पसाठी, कारण रॅम्प दाराबाहेर असतो, चारचौघांना दिसतो. माणूस अडलेला असतो तो संडासापाशी. दिवसातून चार-पाच वेळा कुणाला तरी हाक मारून ‘चला’ म्हणावं लागणं, हे वयस्क माणसाला पायांपेक्षा जास्त बोचतं. म्हणून चौकशी कशाचीही असो, आम्ही आधी न्हाणीघर बघतो.

मापं घ्यायला मामा स्वतः येतात. घरचे मुलाकडे बोट दाखवतात, मामा मात्र ज्याला वापरायचंय त्याच्याशीच बोलतात. ‘आजी, कुठला हात धड आहे?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली असेल, तर धरायची दांडी आणि जेट स्प्रे दोन्ही डावीकडे पाहिजेत. प्लंबर सवयीनं उजवीकडेच लावून गेलेला असतो. साधा कमोड जमिनीपासून पंधरा-सोळा इंच, चाकाच्या खुर्चीची बैठक एकोणीस-वीस. खाली सरकणं जमतं, परत वर येणं जमत नाही. सरकारी मार्गदर्शक तत्त्वांत सीटची उंची ४५० ते ४८० मिमी धरलीय. आम्ही त्या माणसाची खुर्ची मोजतो आणि कमोड तेवढ्यावर आणतो. खुर्चीकडच्या बाजूची दांडी वर उचलता आली पाहिजे, नाहीतर तिचाच अडथळा होतो.

दाराचंही तसंच. जुन्या घरात न्हाणीघराचं दार दोन-अडीच फूट, त्यात चौकट आणि फळीची जाडी. खुर्ची गेली तरी बोटांची सालं निघतात. आणि दार आत उघडत असेल तर आम्ही ते बाहेर उघडणारं करतोच, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी. आत कुणी पडलं तर अंगच दाराला अडतं, बाहेरून ढकलता येत नाही. कडीसुद्धा नाण्यानं बाहेरून फिरवता येईल अशी.

स्टीलबद्दल थोडं, कारण इथं फसवणूक फार. बाथरूमला ३०४ ग्रेडच पाहिजे, २०२ ओलीत लवकर डाग धरतं. दुकानदार लोहचुंबक लावून ‘बघा, चिकटत नाही’ म्हणतो. ते २०२ लाही चिकटत नाही! तपासायचं असेल तर टेस्टिंगचा थेंब टाकून बॅटरी लावायची, २०२ वर लाल रंग येतो. आम्ही गिऱ्हाइकासमोर लावून दाखवतो. त्याहून महत्त्वाची भिंत. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत साधा फास्टनर मारला तर दांडी पहिल्या झटक्यात हातात येते. तिथं आम्ही आरपार बोल्ट आणि मागं प्लेटच लावतो. मातीत बांधलेल्या जुन्या वाड्याच्या भिंतीवर आम्ही विसंबतच नाही, जमिनीतून खांब उभा करतो.

रॅम्पचा हिशेब सोपा, पण लोकांना पटवणं अवघड. एकास बारा. उंबरा तीन इंच असेल तर तीन फूट उतार. जोतं अडीच फूट असेल तर तीस फूट. गल्लीत तीस फूट कुठून आणायचे? मग वळवावा लागतो, आणि वळणावर पाच फूट सपाट जागा. ‘जरा उभा करा की, एवढ्यानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांना मामा आपली खुर्ची देतात आणि चढून दाखवा म्हणतात. उंबरा काढा असं मात्र आम्ही कधी सुचवत नाही. त्यावर रोज हळदीकुंकू वाहिलं जातं. दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी बसवतो, मधे उंबरा जागच्या जागी.

कोल्हापूरच्या लोकांना चाकाची खुर्ची तशी परकी नाही. नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये इथं ‘हेल्पर्स ऑफ द हॅन्डिकॅप्ड’ उभी केली, खुर्चीवरून अख्खी संस्था चालवता येते हे शहरानं बघितलंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, ग्रामपंचायतींना ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी ठेवावा लागतो. त्यातून काही कामं आम्हाला मिळतात, बिलं निघायला वेळ लागतो, असो. खटकतं ते एवढंच की चाकाच्या खुर्चीला ५ टक्के जीएसटी, आणि ती खुर्ची घरात जावी म्हणून केलेल्या स्टीलच्या कामाला १८.

अलीकडे अॅल्युमिनियमचे घडीचे रॅम्प भाड्यानं देतोय, मुख्यतः मंगल कार्यालयांसाठी. नातीच्या लग्नात आजोबांना चौघांनी खुर्चीसकट उचलून स्टेजवर नेणं त्यांना स्वतःला आवडतं का, हे कुणी विचारत नाही. मागं धरायला माणूस असेल तर चढ थोडा जास्त चालतो, एकट्यानं चढायचं असेल तर नाही; मागणी करतानाच तसं सांगावं. तुळशीच्या लग्नानंतर तारखा भराभर जातात. हॉलच्या एका पायरीची उंची आणि एकूण पायऱ्या मोजून, फोटोसह व्हॉट्सअॅपवर पाठवा. स्टेजच्या पायऱ्या वेगळ्या मोजा, त्या बहुतेकांच्या राहून जातात.