परतीचा दोरा

मागच्या मृगाच्या पावसात शेजारच्या अक्का माझ्या दारात आल्या. डोक्यावर पदर, हातात दुकानाची प्लास्टिकची पिशवी, आणि पिशवी छातीशी अशी धरलेली की आत तान्हं मूल आहे की काय असं वाटावं. "आमच्या अव्वांचं हाय हे. नोडरी, बघा जरा," म्हणाल्या. बेळगावातल्या शहापुरात तीस वर्षांचा आमचा शेजार. त्यांची मराठी आणि माझं कानडी दोन्ही अर्धवट, तरी आमचं कधी अडलेलं नाही.

पिशवीत काळी इरकल होती. आपण जिला चंद्रकळा म्हणतो तिला त्यांच्याकडे चंद्रकाळी म्हणतात. लेकीच्या लग्नात कशिदा भरून द्यायची ती साडी. पदराजवळ तुळशीवृंदावनांची ओळ भरून झालेली, दोन गोपुरं झालेली, आणि त्यांच्या पुढं अंबारीचा हत्ती अर्धा. सुई कापडातच टोचलेली राहिली होती. ती गंजली होती आणि तिच्याभोवती तांबूस डाग पडला होता.

अक्कांच्या आई बैलहोंगलच्या बाजूच्या एका खेड्यात राहायच्या. नातीच्या लग्नासाठी साडी भरायला घेतली आणि हत्तीपर्यंत येऊन त्या गेल्या. दोन वर्षं साडी ट्रंकेत पडून होती. अक्कांनी मधे एका दुकानात ती दाखवली होती. तिथला माणूस म्हणाला, एवढ्या मजुरीत नवी भरलेली साडी येईल, ही कशाला करत बसता. ते ऐकून त्या पायरीवरच बसल्या होत्या म्हणे.

माझ्याकडे त्या का आल्या हे सांगायला मला माझ्या आईच्या वाकळेपासून सुरुवात करावी लागेल.

माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. आमच्याकडे गोधडी म्हणत नाहीत, वाकळच म्हणतात. कानडीत कौदी. सुगी संपली की आई अंगणात वाकळ घालायची. वर-खाली जुनी नऊवारी लुगडी, आत बाबांची विरलेली धोतरं, आमचे शाळेचे परकर, आणि कोपऱ्यांना गुळेदगुड्डच्या खणाच्या फाटक्या चोळ्यांची ठिगळं. धावदोरा कडेपासून घ्यायचा आणि चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचं. शेवटी मधोमध वीतभर जागा उरते. ती बंद करायच्या आधी आई तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा आत ठेवायची. "वाकळ उपाशी ठेवू नये," म्हणायची. "उपाशी वाकळ पांघरणाऱ्याला ऊब देत नाही."

आई श्रावणात गेली. तिची शेवटची वाकळ तशीच राहिली, हातभर जागा रिकामी. दीड वर्ष मी ती उघडली नाही. मग एका हिवाळ्यात उघडली, आणि त्या दिवशी माझ्या हातून जे झालं ते मला आजही बोचतं. मी आयुष्यभर घरी ब्लाउज शिवले आहेत. सरळ शिवण ही माझी सवय आहे आणि तिच्यावरच माझं घर चाललं. आईच्या शेवटच्या तीन ओळी वाकड्या होत्या. टाके लांब, मधेच दोन टाके एकावर एक. मी विचारही न करता ब्लेड घेतलं आणि त्या तिन्ही ओळी उसवल्या. दोरे ओढून काढल्यावर लुगड्यावर सुईची भोकं तेवढी राहिली. त्यांच्यावरून बोट फिरवताना लक्षात आलं, की शेवटच्या महिन्यांत आईला दिसत नव्हतं. ती चाचपडत शिवत होती. तिनं दिसत नसताना घातलेल्या तीन ओळी मी अर्ध्या तासात कचऱ्यात टाकल्या. कचऱ्यातून ते दोरे मी वेचले, अजून एका डबीत आहेत. पण दोरे म्हणजे टाके नव्हेत.

वाकळ मी पुरी केली, भाकरीचा तुकडा ठेवला, माझा धाकटा भाऊ ती पांघरतो. तो म्हणतो छान झाली. त्या तीन ओळींचं मी त्याला अजून सांगितलेलं नाही. इथं पहिल्यांदा लिहितेय.

त्यानंतर कुणाचं अर्धं राहिलेलं काम दिसलं की मला बघवेना. आधी नात्यातली कामं आली. चुलत जावेच्या आईनं रुखवतासाठी सुरू केलेलं क्रोशाचं तोरण, एक अर्धं दुपटं. मग ओळखीतून ओळखी निघाल्या आणि आता आम्ही चौघी झालो आहोत. वडगावातल्या एक निवृत्त शिक्षिका क्रोशा करतात. साखळी, मुका खांब, खांब या शब्दांतच त्या बोलतात, आणि कुठलाही नमुना नुसता बघून वहीत उतरवतात. टिळकवाडीतल्या एक काकू लोकरीचं विणतात. चौथ्या कशिद्याच्या, माहेर धारवाडचं. शनिवारी दुपारी माझ्या शिवणाच्या खोलीत बसतो. मजुरी घेत नाही. दोरा-लोकर ज्याची त्यानं आणून द्यायची. मजुरी घ्यायची नाही हे मीच ठरवलं, कारण पैसे आले की दिवस ठरतो, दिवस ठरला की घाई होते, आणि घाईत काय होतं ते मी बघितलं आहे.

शिक्षिकाबाईंच्या भाचीनं त्यांना मोबाइलवर दाखवलं, की अमेरिकेत हेच काम मोठ्या प्रमाणावर चालतं. 'लूज एंड्स' नावाचा उपक्रम. २०२२ साली विणकाम करणाऱ्या दोन मैत्रिणींनी, जेन सिमोनिक आणि मेसी कॅप्लन यांनी, सुरू केलेला. घरातलं माणूस गेलं किंवा आजारपणानं त्याचे हात थांबले, की घरचे अर्ज भरतात. मग शक्यतो जवळपास राहणारी आणि त्याच कामात हात बसलेली स्वयंसेवक शोधून तिच्याकडे ते काम सोपवतात. तीही मजुरी घेत नाही. आता कितीतरी देशांतले हजारो लोक त्यात आहेत. हे ऐकून मला फार बरं वाटलं. शहापुरात मागाच्या खडखडाटात बसून आपण करतो ते काम कुठंतरी लांब, बर्फ पडतो तिथंही कुणीतरी करतंय. तिथल्या बाईच्या मांडीवरसुद्धा कुणा गेलेल्या बाईची सुई असणार.

या कामातलं खरं अवघड म्हणजे दुसऱ्याचा हात ओळखणं. मागच्या हिवाळ्यात एक निवृत्त सुभेदार आले. मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त झालेले. पत्नीनं त्यांच्यासाठी घेतलेला स्वेटर. पाठ झालेली, पुढचा एक भाग झालेला, दुसरा सुईवर. सोबत कालनिर्णयचं एक पान, त्याच्या पाठीवर पेन्सिलीनं रेघा मारलेल्या. चार उभ्या, एक आडवी, असे गठ्ठे. काकूंनी ते पान खिडकीपाशी नेऊन बघितलं, सुईवरचे टाके मोजले, आणि म्हणाल्या, "या रेघांत दोन ओळी कमी आहेत. बाई रेघ मारायला विसरली. त्या दिवशी घरात पाहुणे आले असणार." सुभेदार लगेच म्हणाले, "हो की, मुंबईहून मुलगी आली होती."

त्या बाईंचा हात घट्ट. काकूंचा सैल. दहा नंबरच्या सुईवर काकूंनी चार बोटं विणून बघितलं तर अर्धा इंच जास्त भरत होतं. मग त्यांनी अकरा नंबरची, म्हणजे एक घर बारीक सुई घेतली आणि माप जमलं. लोकरीनं मात्र छळलं. रंग तोच, कंपनी तीच, पण लॉट वेगळा. नव्या गुंड्यांचा करडा रंग उन्हात जरासा निळा दिसे. सरळ जोडला असता तर बाहीवर पट्टा उठला असता. काकूंनी दोन ओळी जुन्या लोकरीच्या, दोन नव्या, असं करत करत जुनी संपेपर्यंत विणत नेलं. कुठं एक संपतं आणि कुठं दुसरं सुरू होतं ते आता मलाही दाखवता यायचं नाही. सुभेदारांनी तो स्वेटर तिथंच अंगात घातला. मे महिना होता. घाम येत होता तरी काढला नाही, तसेच स्कूटरवर बसून गेले.

सगळीच कामं आम्ही घेत नाही हेही सांगते. एक मुलगी आईचं क्रोशाचं टेबलक्लॉथ घेऊन आली होती आणि बोलता बोलता तिला रडू आलं. शिक्षिकाबाईंनी ते घडी करून तिला परत दिलं. म्हणाल्या, असंच राहू दे, तुला वाटेल तेव्हा ये. ती अजून आलेली नाही. आमची काही हरकत नाही.

आता हत्ती.

कशिद्यात चार टाके: गवंती, मुरगी, नेगी, मेंथी. कापडावर काही छापायचं नाही, पेन्सिल लावायची नाही, ताण्या-बाण्याचे धागे मोजायचे आणि त्यावरच सुई चालवायची. गाठ मारायची नाही. अव्वांचा हत्ती गवंतीचा होता. गवंती म्हणजे दोन फेऱ्यांचं काम. जाताना एक टाका घ्यायचा, एका टाक्याची जागा सोडायची, पुन्हा टाका, पुन्हा जागा. आकार पुरा झाला की त्याच वाटेनं परत यायचं आणि सुटलेल्या जागा भरत यायच्या. परतफेरी झाली की रेघ सलग होते, आणि पुढून बघा की मागून, सारखीच दिसते.

आमच्या धारवाडच्या मैत्रिणीनं भिंग लावून साडी बघितली आणि बराच वेळ काही बोलली नाही. मग मला जवळ बोलावलं. अंबारी, हत्तीची पाठ, सोंड, चारी पाय, सगळीकडे तुटक रेघ होती. एक टाका, एक जागा, एक टाका, एक जागा. अव्वांनी अख्खा हत्ती जाताना काढून ठेवला होता. शेपटीच्या टोकाशी पोचून सुई टोचली होती. यायचं राहिलं होतं.

त्या दिवशी चौघींपैकी कुणीच शिवलं नाही. चहा झाला आणि उठलो.

पुढचे चार शनिवार मैत्रीण त्या हत्तीवर बसली. इरकलीचा धागा बारीक, काळ्यावर मोजायचा म्हणजे डोळ्यांची परीक्षा. खाली पांढरा टॉवेल घातला, म्हणजे धाग्यांमधून उजेड दिसतो. ती कानडीतच मोजते, ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, आणि मोजताना कुणी बोललेलं तिला चालत नाही. एका पायापाशी अव्वांचा टाका चारऐवजी पाच धाग्यांवर गेला होता, त्यामुळे पुढचा सगळा पाय एक धागा बाहेर होता. मैत्रिणीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. डबीतल्या दोऱ्यांची गोष्ट चौघींनाही ठाऊक आहे. तिनं अव्वांच्याच वाटेनं पाच धाग्यांची जागा पाच धाग्यांनी भरली. हत्तीचा तो पाय किंचित पुढं पडल्यासारखा दिसतो. चालतोय असं वाटतं.

गंजाचा डाग काढायला लिंबू-मीठ लावावं असं एकीनं सुचवलं. पदर रेशमाचा, म्हणून नको म्हटलं. अक्कांनीही नकोच म्हटलं. सुई मात्र त्यांनी कुंकवाच्या करंड्यात ठेवली आहे.

शेवटच्या शनिवारी अंबारीच्या कळसाशी एक टाका उरला. मैत्रिणीनं सुई थांबवली आणि निरोप धाडून अक्कांच्या लेकीला बोलावून घेतलं. जिच्या लग्नासाठी साडी, ती पोरगी. कंपनीत कामाला, तिथूनच आली, ओढणीनं तोंडावरचा पाऊस पुसत. "मला बटणसुद्धा लावता येत नाही," म्हणाली. तिला खिडकीशी बसवलं, टॉवेल मांडीवर सरकवला, भिंग दिलं. मैत्रीण तिच्या कानाशी हळू मोजत होती, ओंदु, एरडु, मूरु. पोरीचा हात थरथरला आणि सुई पाचव्या धाग्यावर वर आली.

"चुकलं का?" तिनं विचारलं.

मैत्रिणीनं दोरा कापून घेतला आणि साडीची घडी घालायला सुरुवात केली.